अमेरिकेहून पाहुणे येणार, तर काय काय सांगून ठेवायचं?

मागच्या अंकात मी विचारलं होतं, यंदा दिवाळीला कुणाकडे अमेरिकेहून माणसं येताहेत का, आणि त्याबद्दल काही विचारायचं आहे का. पत्रांचा गठ्ठाच आला. ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर, सीवूड्स. सगळ्यांना इथे उत्तरं देता येणार नाहीत, म्हणून सहा पत्रं निवडली आहेत.

नव्या वाचकांसाठी: मी २६ वर्षं परदेशी पर्यटकांना घारापुरी, अजिंठा, वेरूळ, नाशिक दाखवत फिरले. त्यातले निम्म्याहून जास्त अमेरिकी होते. त्यांच्यात मुद्दाम उद्धटपणे वागलेली माणसं मला बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. अडचण यायची ती सांगायच्या राहून गेलेल्या गोष्टींमुळे, आणि त्यातल्या बऱ्याचशा सांगायच्या राहिल्या होत्या माझ्याकडून.

प्रश्न : माझ्या मुलाने न्यू जर्सीतल्या ज्यू मुलीशी लग्न केलं. तिचे आईवडील दिवाळीला पहिल्यांदाच भारतात येताहेत. बारा दिवस आमच्याकडेच उतरणार आहेत. आमच्या उंबऱ्यावर आणि देवघरासमोर रोज रांगोळीचं स्वस्तिक असतं. मुलगा म्हणतो, ‘आई, या वर्षी नको काढूस.’ माझं मन मानत नाही. काय करू?
— एक सासूबाई, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, तुमचं मन का मानत नाही हे मला कळतं. मुलाची काळजीही अनाठायी नाही.

नाशिकला एकदा गट घेऊन गेले होते. पंचवटीत एका जुन्या वाड्याच्या दारावर शेंदराने हातभर स्वस्तिक काढलेलं होतं. गटातल्या सत्तरीच्या एक बाई ते बघून थबकल्या, वळल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले आणि भराभर समजावू लागले. हे आमचं फार जुनं, शुभ चिन्ह आहे, नाझींचं उलटं होतं, आमचं सरळ आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘माझ्या आईच्या माहेरचं कुणीच उरलं नाही.’ हिटलरच्या नाझी राजवटीने लाखो ज्यूंना मारलं, त्यांत ती माणसं गेली होती. त्यानंतर दिवसभर त्या गाडीतून उतरल्या नाहीत. त्यांचा तो दिवस मी वाया घालवला, ही टोचणी मला अजून आहे.

समजावून सांगायची वेळ ते चिन्ह दिसण्याच्या आधी असते, हे मला त्या दिवशी कळलं. आणखी एक गोष्ट नंतर वाचून कळली. ‘नाझींचं उलटं होतं’ असं आपण सगळेच ठामपणे सांगतो, पण ते खरं नाही. १९२० साली हिटलरच्या नाझी पक्षाने घेतलेलं चिन्हही आपल्यासारखंच उजवीकडे वळणारं होतं. ते ४५ अंशांत तिरकं केलेलं, पांढऱ्या वर्तुळात, काळं असे. तुमच्या व्याह्यांना हे नक्की ठाऊक असणार. आपण चुकीचं सांगितलं की पुढच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो. म्हणून ‘उलटं-सरळ’ हा शब्दच काढू नका.

आता करायचं काय? ते विमानात बसण्याच्या दोन-तीन आठवडे आधी व्हिडिओ कॉल करा. तुमच्या हातची रांगोळी दाखवा, मधले चार ठिपके दाखवा. लग्नात, बारशाला, नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण हे का काढतो ते तुमच्या शब्दांत सांगा. सून भाषांतर करील. पण बोलण्याची सुरुवात ‘या आकृतीखाली तुमच्या माणसांचं काय झालं हे आम्हाला माहीत आहे’ या वाक्याने करा. हे वाक्य सुनेवर टाकू नका, मोडक्या इंग्रजीत का होईना, तुम्ही स्वतः म्हणा.

देवघरापुढचं स्वस्तिक तसंच ठेवा, ती तुमची पूजा आहे. उंबऱ्यावर मात्र यंदा लक्ष्मीची पावलं आणि ज्ञानकमळ काढा, असं मी सुचवीन. माणूस दमून, झोप अर्धवट झालेल्या अवस्थेत पहाटे दारात उभा राहतो, तेव्हा त्याला पहिलं काय दिसावं एवढाच तो प्रश्न आहे. पाहुण्यांच्या खोलीतली चादर, पडदा, कॅलेंडरही एकदा नजरेखालून घाला. पाचव्या-सहाव्या दिवशी विहीणबाई स्वतःच रांगोळी शिकायला बसल्या तर मला नवल वाटणार नाही. तसं झालेलं मी पाहिलं आहे.

आणि ताई, तुम्ही नौपाड्यात राहता. टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या भागात १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, शआर हाशमायिम, म्हणजे स्वर्गाचं द्वार. आपल्या बेने इस्रायली लोकांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, असं ते सांगत आले आहेत. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. आडनावं गावांवरून घेतली, घरात मराठीच बोलले. प्रेषित एलियाच्या नावाने ते मलिदा करतात, त्यात गोड पोहे, नारळ आणि फळं असतात. तुमच्या व्याह्यांना हे दाखवा. आधी विचारून परवानगी घ्या, पासपोर्ट सोबत ठेवा, कारण अशा ठिकाणी सुरक्षा कडक असते. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या वेळी बघायला किंवा फोटो काढायला जाऊ नका. शेकडो वर्षं स्वस्तिक काढणाऱ्या शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलेली ज्यू माणसं त्यांना भेटली, तर तुम्हाला फार समजवावं लागणार नाही.

जेवणाचं म्हणाल तर कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे धर्मनियम, पाळणारे मांस आणि दूध एकत्र खात नाहीत, डुक्कर आणि कोळंबी-खेकडे खात नाहीत. तुमच्या शाकाहारी घरात अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. पण सगळेच ज्यू हे पाळतात असं नाही, त्यामुळे विचारून घ्या.

एक लहानशी गोष्ट. तुमच्या मुलाच्या गळ्यात किंवा किल्ल्यांना स्वस्तिक असेल आणि परतीचं विमान जर्मनीमार्गे असेल, तर ते आत ठेवायला सांगा. तिथे नाझी चिन्हांचं जाहीर प्रदर्शन हा गुन्हा आहे. आपलं धार्मिक चिन्ह वेगळं आहे खरं, पण ते समजावण्याची पाळी विमानतळावर कशाला यावी.

प्रश्न : माझा नातू २४ वर्षांचा आहे, पासपोर्ट अमेरिकेचा. येताना चार दिवस टोकियोत थांबून मग इथे येणार आणि एकट्याने सह्याद्रीत भटकणार म्हणतो. सोबत उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणतो आहे, म्हणून मी निश्चिंत राहावं, असं त्याचं म्हणणं. लहानपणापासून त्याचं लक्ष एका जागी राहत नाही, त्यासाठी तो अ‍ॅडरॉल घेतो. मी निश्चिंत राहू का?
— आजोबा, खारघर

उत्तर : काका, नका राहू. हे उत्तर आजच त्याला वाचून दाखवा.

आधी टोकियो. अ‍ॅडरॉलमध्ये अ‍ॅम्फेटामाइन असतं, आणि जपानमध्ये ते न्यायला बंदी आहे. डॉक्टरांची चिठ्ठी असली, मूळ डबीत असलं, चारच गोळ्या असल्या, तरीही. अमेरिकेत औषधाच्या दुकानातून रीतसर घेतलेलं औषध दुसऱ्या देशात गुन्हा ठरतं, हे तिथल्या मुलांच्या डोक्यातच येत नाही, आणि पकडलं तर थेट अटक होऊ शकते. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांवरही, ज्यांत स्यूडोएफेड्रिन जास्त असतं, तिथे बंदी आहे. त्याने डॉक्टरांशी बोलून पर्याय शोधावा, नाहीतर टोकियो वगळून यावं. गोळ्या अचानक स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, हेही त्याला सांगा.

आता ते यंत्र. आपल्याकडे सॅटेलाइट फोन आणि त्या जातीची यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. २६/११ चे हल्लेखोर समुद्रातून आले तेव्हा त्यांच्याकडेही सॅटेलाइट फोन होता, त्यामुळे आपल्या यंत्रणा याकडे किती बारकाईने बघतात हे मुंबईकराला सांगायला नको. अमेरिकेत एकटे डोंगरात जाणारे असं यंत्र पाण्याच्या बाटलीसारखं सहज पिशवीत टाकतात. गेल्या काही वर्षांत परदेशी गिर्यारोहकांना याच कारणावरून आपल्या विमानतळांवर अडवल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. यंत्र घरीच ठेवून यायला सांगा.

त्याच्या खिशात वाफेची सिगारेट असेल तर तीही नको. २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे तिची आयात, विक्री, साठा सगळं बंद आहे.

राहिला सह्याद्री. मुलाचा हुरूप मोडू नका. कळसूबाईला, हरिश्चंद्रगडाला जरूर जाऊ दे, पण पायथ्याच्या गावातला माणूस वाटाड्या म्हणून सोबत घेऊन. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत वाटेवर पाट्या असतात, नकाशे असतात, रखवालदार असतो. आपल्याकडे कारवीत शिरलेली गुरांची वाट आणि गडाची वाट एकसारखीच दिसते. कोकणकड्याला सगळीकडे कठडा नाही. हे त्याला फोटो दाखवून सांगा. कुठल्या गावातून चढणार, किती वाजता उतरणार हे घरी लिहून ठेवायचं. तिकडे ९११ तसं आपल्याकडे ११२, हा नंबर मोबाइलमध्ये आधीच टाकून ठेवायचा.

प्रश्न : मागच्या वेळी नात आली तेव्हा तिचा केस वाळवायचा ड्रायर लावताक्षणी धूर निघाला. सॉकेट बदलायचं अडॅप्टर तर लावलं होतं. मग असं का झालं?
— आजी, ऐरोली

उत्तर : अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतं, वीज बदलत नाही. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० असं छापलेलं असतं, ते चालतात. ड्रायर, केस सरळ करायची इस्त्री, दाढीचं जुनं यंत्र यांवर नुसतं १२० लिहिलेलं असेल तर ते इथे लावूच नये. इथला साधा ड्रायर घेऊन ठेवा, ते स्वस्त पडेल.

याहून नेहमीची अडचण वेगळीच आहे. तिकडच्या सॉकेटला बटण नसतं. पीन घातली की वीज आली. माझे कितीतरी पाहुणे रात्रभर मोबाइल लावून सकाळी बंद फोन हातात घेऊन यायचे, कारण शेजारचं बटण दाबायचं असतं हे कुणी सांगितलेलंच नसायचं. गीझरचंही तसंच. तिकडे गरम पाणी चोवीस तास नळाला असतं. बिचारे थंड पाण्याने अंघोळ करून येतात आणि संकोचाने बोलत नाहीत. पहिल्या संध्याकाळी घर दाखवतानाच बटणं दाबून दाखवा. लिफ्टमध्ये तळमजला वेगळा आणि पहिला मजला त्याच्या वर, हेही सांगा. त्यांच्याकडे जमिनीवरचा मजला तोच पहिला.

प्रश्न : व्याही-विहीणबाई ताटातलं सगळं संपवतात, आम्ही वाढतो, ते परत संपवतात. मागच्या खेपेला विहीणबाई रात्री आजारी पडल्या. भूक नव्हती तर खाल्लं कशाला?
— वाशी

उत्तर : कारण त्यांना लहानपणी शिकवलेलं असतं की वाढलेलं सगळं संपवणं म्हणजे यजमानाचा मान. आणि तुम्हाला शिकवलेलं असतं की पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये. दोघंही एकमेकांचा मानच ठेवत होतात.

आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे खरं नको नसतं. आपण दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा घेतो. अमेरिकी माणसाचं पहिलं ‘नको’ हेच शेवटचं असतं. त्यावर पुन्हा वाढलं की आपलं म्हणणं ऐकलंच गेलं नाही असं त्याला वाटतं, पण तो भिडेपोटी खातो. पहिल्यांदा नको म्हटल्यावर आपण भांडं आत नेलं, तर तो सुटलो म्हणतो. उलट आपला मुलगा त्यांच्या घरी गेला, एकदा नको म्हणाला आणि त्यांनी खरंच वाढलं नाही, तर तो उपाशी उठतो. माझ्या भाचीच्या पहिल्या आठवड्यात बॉस्टनमध्ये हेच झालं.

भांडी टेबलावर मांडा आणि त्यांना स्वतःच्या हाताने घेऊ द्या. आग्रह करायचाच तर तो मऊ वरणभाताचा करा. पुरणपोळी पहिल्याच दिवशी नको, प्रवासाने पोट बिघडलेलं असतं. पहिले तीन दिवस उकळून गार केलेलं किंवा बाटलीबंद पाणी, दात घासायलाही तेच. बाहेरचा बर्फ, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं नकोत. मामलेदार मिसळ दाखवायला न्या, खायला घालायची असेल तर आठव्या दिवशी, तर्री बाजूला ठेवून. घरात ओआरएसची पाकिटं असू द्या.

प्रश्न : सुनेचे आईवडील ७१ आणि ६८ वर्षांचे आहेत. ‘आमच्याकडे सरकारी मेडिकेअर आहे, काळजी नको’ म्हणाले. एवढं पुरेसं आहे ना?
— कळवा

उत्तर : नाही. काही थोडे अपवाद सोडले तर मेडिकेअर, म्हणजे तिकडचा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. पन्नास वर्षं कर भरलेल्या माणसाला हे खरंच वाटत नाही, म्हणून मुलाला त्यांच्या कागदपत्रांत दाखवून द्यायला सांगा. तिकडून निघण्याआधीच प्रवासाचा वैद्यकीय विमा काढायचा. आधीपासून असलेले आजार त्यात धरलेत का, ते विचारायचं. आपल्या खासगी रुग्णालयांत दाखल होताना अनामत भरावी लागते, तेव्हा रात्री अकराला कार्ड कुणाचं चालेल हेही आधी ठरवून ठेवा.

औषधांच्या नावांची अडचण मला सगळ्यात जास्त धास्तीची वाटते. ते ज्याला टायलेनॉल किंवा अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, तेच आपलं पॅरासिटामोल. एका सहलीत एका गृहस्थांना ताप आला. त्यांनी स्वतःच्या पेटीतल्या दोन गोळ्या घेतल्या, आणि हॉटेलजवळच्या औषधवाल्याने दिलेल्या दोन वेगळ्याच समजून वर घेतल्या, दिवसभर तसंच चालू. संध्याकाळी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून मी नावं वाचली तेव्हा माझे हातपाय गार पडले. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर हे औषध देत नाहीत, यकृताला इजा होते. डॉक्टर वेळेवर भेटले, ते सुखरूप राहिले. तुम्ही व्याह्यांकडून सगळ्या औषधांची यादी मागवा, कंपनीच्या नावांची नव्हे, आतल्या घटकांची. ती तुमच्या डॉक्टरांना आताच दाखवून ठेवा.

ताप मात्र आपणही फॅरनहाइटमध्येच मोजतो, तिथे घोळ होत नाही. हवामान सेल्सिअसमध्ये सांगितलं की त्यांना बोध होत नाही. ‘उद्या ३५’ म्हटलं तर त्यांना थंडी वाटते. ३५ म्हणजे त्यांचे ९५.

तारखाही अक्षरी लिहा. ते महिना आधी लिहितात, आपण दिवस. ५/११ ही आपली ५ नोव्हेंबर, त्यांची ११ मे. गाडीचं आरक्षण, डॉक्टरांची वेळ, सगळीकडे महिन्याचं नाव लिहायचं.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. जन्म टेक्ससचा, मराठी आजीने व्हिडिओ कॉलवर शिकवलं. तिच्याकडे दोन महिन्यांसाठी आले आहे. बिल्डिंगमधले सगळे मला विचारतात, वजन किती वाढलं, बाबांचा पगार किती, लग्न कधी. मला खोलीत जाऊन रडू येतं. आजीला सांगितलं तर तिला वाईट वाटेल. आणि घरात कुणी कुणाला थँक यू म्हणत नाही, मी म्हटलं तर हसतात.
— एक नात, सीवूड्स

उत्तर : तू मराठीत पत्र लिहिलंस, तेही इतकं स्वच्छ. तुझी आजी फार चांगली शिक्षिका आहे.

वजनाबद्दल विचारणं मलाही आवडत नाही. इथे जन्मलेल्या मुलींनाही त्याने त्रास होतो, फक्त त्या ते गिळतात. ही ‘आपली संस्कृती’ आहे म्हणून तू सहन करावंस असं मी म्हणणार नाही. पण पगार आणि लग्न हे प्रश्न बहुतेक वेळा उत्तरासाठी नसतात. तुमच्याकडे दुकानातला अनोळखी माणूसही ‘हाऊ आर यू’ विचारतो आणि उत्तराला थांबत नाही, तसंच थोडं. ‘बाबांना विचारा हं काकू’ किंवा ‘ठरलं की पहिली पत्रिका तुम्हाला’ म्हण. काकू खूश होतील आणि विषय संपेल. वजनावर मात्र सरळ म्हण, ‘काकू, हे मला आवडत नाही.’ शांतपणे, एकदाच. चालतं ते.

आजीला सांग. तिला वाईट वाटेल, आणि मग संध्याकाळी ती खाली जाऊन त्या काकूंशी तिच्या पद्धतीने बोलेल. तू लपवलंस तर तिला ते महिन्याभराने तुझ्या चेहऱ्यावरून कळेल, आणि ते जास्त लागेल.

थँक यूचं असं आहे की आपल्याकडे आभार परक्यांचे मानतात. आजीने चहा दिला आणि तू थँक यू म्हटलंस की तिला क्षणभर आपण परके झालो असं वाटतं. त्याऐवजी चहा पिऊन म्हण, ‘आजी, मस्त झालाय, अजून आहे?’ आणि कप उचलून स्वतः विसळून ठेव.

तुझ्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आपलं सरकार देतं ते) असेल तर ते बरोबर बाळगत जा. घारापुरीला परदेशी माणसाला ६०० रुपयांचं तिकीट आहे, कार्डावर तुला भारतीयांचं मिळतं. सोमवारी लेणी बंद असतात. आजीचे गुडघे दुखत असतील तर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पायऱ्यांसाठी डोलीवालेही असतात. सकाळची पहिली बोट धरा.